आधी पाणी, मग गोळी

गुडघा बदलून बारा-तेरा दिवस झालेले असतात. बाई वॉकर धरून स्वयंपाकघरापर्यंत जायला लागलेल्या असतात. एका सकाळी पट्टीच्या खालच्या टोकाला रुपयाएवढा पिवळसर ओला डाग दिसतो. ताप नाही. दुखतंय, पण ते रोजचंच. घरात चर्चा सुरू होते. ऑपरेशन झालं शहरात. तिथं जायचं म्हणजे गाडी करायला हवी, पाय अवघडून दोन-तीन तास बसायला हवं. मग गावातले डॉक्टर येतात, पट्टी बदलतात, पाच दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या लिहून देतात. दोन दिवसांत डाग थांबतो आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो.

हे प्रकरण त्या गोळ्यांबद्दल आहे. सांधा बदलल्यानंतरची सगळ्यात अवघड आपत्ती पुष्कळदा अशीच येते, कोणालाही न घाबरवता. बाकीचे धोके आहेतच. पोटरीच्या शिरेत गुठळी होऊ शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून पोटरी एकाएकी सुजली, धाप लागली किंवा छातीत दुखू लागलं, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. खुब्याचा सांधा निखळतो. पडल्यावर धातूशेजारचं हाड मोडतं. वर्षानुवर्षांनी सांधा सैल होतो. पण बसवलेल्या सांध्यात जंतू शिरले की दुखणं महिनोन्‌महिने चालतं, कधी वर्षं खातं. आणि त्याचा शेवट कसा होणार हे बऱ्याच अंशी पहिल्या काही दिवसांत कोण कुठे गेलं, यावर ठरतं.

सांधा बदलण्याच्या इतिहासाची सुरुवातच या संकटानं झाली. बर्लिनमध्ये १८९० साली थेमिस्टोक्लेस ग्लुक या शल्यविशारदानं क्षयानं खाल्लेला गुडघा काढून तिथे हस्तिदंताचा सांधा बसवला. रुग्ण १७ वर्षांची मुलगी होती. पुढच्या काही महिन्यांत त्यानं आणखी सांधे बसवले. पहिले आठवडे छान गेले, मग एकेका सांध्यातला जुना क्षय उफाळून आला. ग्लुकला आपलं अपयश उघडपणे मांडायचं होतं. त्याच्या वरिष्ठांनी ते मांडू दिलं नाही. आजच्या तऱ्हेचा भरवशाचा सांधा यायला त्यानंतर सत्तर वर्षं लागली. इंग्लंडमधल्या रायटिंग्टन इथे जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये धातूचा लहान गोळा आणि प्लास्टिकची वाटी असा खुब्याचा सांधा बसवायला सुरुवात केली. त्यांच्याही सुरुवातीच्या शंभर रुग्णांपैकी सातेकांना संसर्ग होत होता. हवेतून जखमेत पडणाऱ्या जंतूंवर त्यांचा संशय होता. त्यांनी ऑपरेशन-टेबलाभोवती गाळलेल्या हवेची बंदिस्त खोली उभारली, शल्यविशारदाचा उच्छ्वास नळीनं बाहेर नेणारा पोशाख करवून घेतला, आणि काही वर्षांत हे प्रमाण १ टक्क्याच्या खाली आणलं. आज गुडघा किंवा खुबा बदललेल्या शंभरातल्या एक-दोघांना संसर्ग गाठतो. चार्नलींचं मोठेपण मला त्यांच्या सांध्याइतकंच यात दिसतं की आपल्या हातून झालेला प्रत्येक संसर्ग त्यांनी मोजला आणि छापला.

आता प्रश्न असा, की साधी जखम पिकली तर गोळ्यांनी बरी होते, मग बदललेल्या सांध्याचीच का होत नाही? लंडनमध्ये एलेक आणि कोनेन यांनी १९५७ साली स्वयंसेवकांवर केलेल्या प्रयोगात याचं उत्तर सापडतं. निरोगी माणसाच्या कातडीखाली पू व्हायला स्टॅफिलोकॉकस जातीचे लाखो जंतू टोचावे लागत होते. त्याच जागी रेशमी टाक्याचा तुकडा ठेवला, तर काहीशे जंतू पुरले. शरीरात परकी वस्तू असली की तिच्या पृष्ठभागावर आपल्या पांढऱ्या पेशींचा जोर चालत नाही. तिथं एका टाक्याचा धागा होता. इथं धातू, प्लास्टिक आणि सिमेंट आहे.

जंतू या धातूवर बसले की काही तासांत चिकटतात आणि काही दिवसांत स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. पाण्याच्या टाकीच्या आतल्या भिंतीवर शेवाळ धरतं, तसा हा थर असतो: पाणी कितीही वेळा बदललं तरी भिंत घासल्याशिवाय तो जात नाही. थराच्या तळाशी जंतू जवळजवळ झोपलेले असतात, आणि बहुतेक अँटिबायोटिकं वाढणाऱ्या जंतूंनाच मारतात. थरातल्या जंतूंना मारायला कधी शेकडो पट जास्त औषध लागतं. तेवढं माणसाला देताच येत नाही. पाच दिवसांच्या गोळ्या थराबाहेर मोकळे फिरणारे जंतू मारतात. म्हणून डाग थांबतो. खाली थर वाढत राहतो.

या गोळ्या दुसरंही एक नुकसान करतात आणि माझ्या मते ते जास्त मोठं आहे. सांध्यात कोणता जंतू आहे आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं, हे शोधायचा एकच खात्रीचा मार्ग म्हणजे सांध्यातलं पाणी काढून त्याचं कल्चर करणं. गोळ्या सुरू असतील तर प्रयोगशाळेतल्या बशीत पुष्कळदा काहीच वाढत नाही. अहवाल येतो, ‘जंतू आढळले नाहीत’. घरचे पेढे वाटतात. डॉक्टर मात्र पेचात पडतात. म्हणून रुग्णाची प्रकृती ठीक असेल तर गोळ्या थांबवून दोन आठवडे वाट पाहतात आणि मग पाणी काढतात. जिथे एकेक दिवस मोलाचा, तिथे दोन आठवडे असे जातात.

तेव्हा पहिला नियम: बदललेल्या सांध्याची जखम झिरपली, लाल झाली, गरम लागली किंवा बसत आलेलं दुखणं पुन्हा वाढलं, तर ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे जायचं आणि आधी पाणी काढून घ्यायचं, गोळी त्यानंतर. याला एकच अपवाद. थंडी वाजून ताप भरला, रक्तदाब खाली गेला, माणूस बरळू लागला, तर जंतू रक्तात गेले असण्याची भीती असते. अशा वेळी जवळचं मोठं रुग्णालय गाठावं. तिथे आधी रक्ताचं कल्चर घेऊन लगेच औषध चालू करतात. एरवी जखम पाच ते सात दिवसांच्या पुढेही झिरपत राहिली तर ती पुन्हा उघडून धुवावी, यावर जगभरच्या तज्ज्ञांचं बरंचसं एकमत आहे. ‘अजून थोडे दिवस बघू’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना हे अदबीनं, पण स्पष्ट विचारावं.

पाणी काढण्याला लोक फार भितात, म्हणून ते कसं होतं ते सांगतो. गुडघ्यावरची कातडी जंतुनाशकानं दोन-तीनदा पुसतात, निर्जंतुक कापड पसरतात, कातडीत भूल देतात आणि वाटीच्या बाजूनं जाड सुई आत घालतात. सिरिंजमध्ये येणारं पाणी गवती रंगाचं, पारदर्शक असेल तर बरं चिन्ह. गढूळ, पिवळट आलं तर डॉक्टरांचा चेहराच सांगतो. थोडं पाणी जांभळ्या टोपीच्या नळीत जातं, त्यात पांढऱ्या पेशी मोजतात. जुन्या संसर्गात एका मायक्रोलिटरमध्ये ३,००० च्या वर पेशी असल्या की संशय पक्का होऊ लागतो. उरलेलं कल्चरच्या बाटल्यांत जातं. इथे एक गोष्ट आग्रहानं सांगावी लागते: कल्चर १४ दिवस ठेवायला सांगावं. नेहमीच्या तीन-पाच दिवसांत सावकाश वाढणारे जंतू दिसतच नाहीत. पुढे ऑपरेशनमध्येही पाच-सहा वेगवेगळ्या जागचे तुकडे तपासायला पाठवतात, कारण एकाच तुकड्यात सापडलेला जंतू हवेतून पडलेला असू शकतो, दोन तुकड्यांत तोच सापडला तर तो गुन्हेगार.

रक्तातला सीआरपी, म्हणजे दाह झाला की वाढणारं प्रथिन, घरी बसूनही समजून घेता येतो. ऑपरेशननंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो आभाळाला भिडतो. त्यानं घाबरू नये. मग उतरत जातो आणि तीन ते सहा आठवड्यांत पूर्ववत होतो. उतरता उतरता पुन्हा चढू लागला तर मात्र कारण शोधायलाच हवं.

संसर्ग लवकर सापडला, म्हणजे ऑपरेशनला महिना व्हायच्या आत, किंवा जुन्या चांगल्या सांध्यात अचानक सुरू होऊन तीन आठवडे उलटायच्या आत, आणि सांधा घट्ट बसलेला असेल, तर तो वाचवता येतो. जखम उघडून सडका भाग काढतात, मधलं प्लास्टिक बदलतात, कित्येक लिटर सलाईननं धुतात आणि मग औषधं. ही औषधं किती दिवस घ्यायची यावर फ्रान्समध्ये मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. सहा आठवडे औषध घेतलेल्यांपैकी सुमारे १८ टक्के लोकांचा संसर्ग टिकून राहिला, बारा आठवडे घेतलेल्यांपैकी ९ टक्क्यांचा. दीड महिन्यानं जखम सुकलेली दिसते, भूक लागते, गोळ्यांचा कंटाळा आलेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळी त्या सोडायच्या नसतात.

या गोळ्यांत पुष्कळदा रिफॅम्पिसिन असतं. लघवी नारिंगी होते, घरात कुजबुज सुरू होते, ‘यांना टीबी तर नाही ना?’ औषध तेच आहे, पण इथे ते वेगळ्या कारणासाठी दिलेलं असतं: स्टॅफिलोकॉकसच्या थरात शिरून झोपलेल्या जंतूंपर्यंत पोचणाऱ्या मोजक्या औषधांपैकी ते एक आहे. ते एकटं कधीच घ्यायचं नाही, जंतू थोड्याच दिवसांत त्याला दाद देईनासे होतात. बरोबरची दुसरी गोळी संपली म्हणून फक्त ही चालू ठेवणं ही मोठी चूक. शिवाय रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या कित्येक गोळ्यांचा असर त्यानं कमी होतो. साखर अचानक चढली तर जेवणावर राग काढण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.

उशीर झाला, जखमेला तोंड पडून त्यातून पू वाहू लागला, किंवा सांधा सैल झाला, तर तो काढावाच लागतो. काही ठिकाणी, विशेषतः खुब्यात, जुना काढून त्याच वेळी नवा बसवतात; हाम्बुर्गमधल्या शल्यविशारदांनी ही पद्धत रुळवली. आपल्याकडे दोन टप्प्यांची पद्धत जास्त चालते. पहिल्या टप्प्यात सांधा आणि सगळं सिमेंट काढून त्या जागी अँटिबायोटिक कालवलेल्या सिमेंटचा ठोकळा ठेवतात. मग साधारण सहा ते आठ आठवडे औषधं. रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या की दुसऱ्या टप्प्यात नवा सांधा.

कागदावर ‘सहा ते आठ आठवडे’ एका ओळीत मावतं. घरात तो काळ फार लांब असतो. गुडघ्यात ठोकळा असताना पाय बहुधा पट्ट्यात सरळ ठेवावा लागतो. जमिनीवर बसणं नाही, झोपणं नाही. बिछाना उंच, कमोड उंच. रिक्षात बसायचं तर मागच्या बाकावर आडवं. शिरेतून व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर ते एक तास किंवा जास्त वेळ लावून सावकाश द्यावं लागतं. घाई केली तर चेहरा-मान लालबुंद होऊन खाज सुटते. मूत्रपिंडासाठी रक्ताची तपासणी दर आठवड्याला. दंडातल्या नळीवर पाणी जाऊ नये म्हणून आंघोळीला प्लास्टिकची पिशवी बांधायची. शिरेतल्या औषधाचा हा जाच सगळ्यांनाच लागतो असं नाही. ब्रिटनमध्ये हजारांवर रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं, की हाडा-सांध्यांच्या संसर्गात पहिल्या आठवड्यानंतर योग्य निवडलेल्या गोळ्या शिरेतल्या औषधाइतक्याच चालतात. तुमच्या जंतूला चालणारी गोळी आहे का, हे जरूर विचारा. रुग्णालयातले कितीतरी दिवस आणि पैसे वाचू शकतात.

याच काळात माणूस मनानं खचतो. ब्रिस्टलच्या संशोधकांनी खुब्याचा संसर्ग भोगलेल्या रुग्णांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या. दोन ऑपरेशनांमधला अधांतरी काळ, दुसऱ्यावर संपूर्ण अवलंबून राहणं आणि मनाला आधार देणारं कुणीच नसणं, हे त्यांत पुन्हा पुन्हा येतं. आपल्याकडे त्यात अपराधाची भर पडते. ‘मी लवकर चालले म्हणून झालं.’ ‘पथ्य मोडलं म्हणून झालं.’ एखादा नातेवाईक तोंडावर म्हणतो, ‘हौस होती ना गुडघे बदलायची!’ हे बोलणं क्रूर आहे आणि चुकीचंही. जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्या कातडीवरचे किंवा ऑपरेशनच्या खोलीतले असतात. मधुमेह, लठ्ठपणा, तंबाखू, संधिवाताची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं यांनी धोका वाढतो. आणि कित्येकदा सगळं नीट करूनही संसर्ग होतो. चालल्यानं किंवा वरण-भात खाल्ल्यानं होत नाही.

जेवणाबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण इथे प्रेमापोटी नुकसान होतं. टाके पडले की आंबट बंद, दही बंद, भात बंद, वांगं बंद, अंडं ‘उष्ण’ म्हणून बंद, ‘पू होईल’ म्हणून. संसर्ग झाल्यावर माणूस आधीच झिजत असतो, त्यात भूक मेलेली. त्याला चहा-बिस्किटावर आणि पातळ पेजेवर ठेवलं तर जखम भरायला लागणारी प्रथिनं येणार कुठून? दही, ताक, मूग, अंडी, मासे, जे घरात चालतं आणि रुग्णाला आवडतं ते द्यावं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. साखर मात्र काटेकोर सांभाळावी.

दोन गोष्टी घरातल्या एकाच माणसाच्या हाती द्याव्यात. जखमेचा रोज एक फोटो, त्याच जागेवरून, त्याच उजेडात. दूरच्या डॉक्टरांना तो फोनवर दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो. आणि कागदांची फाइल. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची टिपणं, कल्चरचे सगळे अहवाल आणि सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर, ज्यांवर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो. दुसऱ्या डॉक्टरांना सांधा काढायचा असेल तर आत नेमका कोणता आहे हे कळल्याशिवाय योग्य हत्यारं मागवता येत नाहीत. या कागदांचं मोल २०१० नंतर फार कडू रीतीनं कळलं. डीप्यू कंपनीनं त्या वर्षी ऑगस्टमध्ये आपला एएसआर हा खुब्याचा धातूवर धातू घासणारा सांधा जगभरातून परत मागवला. तो तेव्हापर्यंत ९० हजारांवर लोकांना बसवलेला होता. भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. केंद्र सरकारची तज्ज्ञ समिती, भरपाईचं सूत्र, सर्वोच्च न्यायालय हे सगळं होईपर्यंत २०१९ उजाडलं, आणि बऱ्याच रुग्णांचा तर पत्ताच लागला नाही. स्टिकर मागून घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हाही. चांगल्या शल्यविशारदाला त्याचा राग येत नाही, आणि आला तर तोही एक अहवालच समजावा.

दुसरा टप्पा पार पडलेल्यांपैकी बहुतेकांचा संसर्ग परत येत नाही. काहींचा येतो. त्यांच्यासाठी पुढच्या वाटा कमी असतात आणि त्यांबद्दल कोणी मोकळेपणानं बोलत नाही. रुग्ण रात्री जागून एकच प्रश्न घोळवत असतो, पाय जाईल का? क्वचित जातो. त्याआधी तीन पर्याय असतात. वय फार असेल, हृदय आणखी एक ऑपरेशन झेपणारं नसेल आणि सांधा घट्ट असेल, तर जंतू पूर्ण न मारता त्यांना दाबून ठेवणारी गोळी वर्षानुवर्षं घेता येते. खुब्यात सांधा काढून जागा रिकामी ठेवता येते; पाय आखूड होतो, काठी लागते, पण दुखणं बहुधा सुसह्य होतं. गुडघ्यात वरचं आणि खालचं हाड एकमेकांना जोडून पाय कायमचा सरळ करता येतो. असा पाय एसटीच्या बाकात मावत नाही, देवळात मांडी घालता येत नाही. पण त्यावर पूर्ण वजन टाकता येतं, आणि पूही थांबलेला असेल. गुडघ्याच्या वर पाय कापल्यावर कृत्रिम पायानं चालायला खूप जास्त शक्ती लागते आणि सत्तरीतल्या कित्येकांना ते जमतच नाही. म्हणून जोडलेला ताठ पाय पुष्कळदा त्यापेक्षा उजवा ठरतो. यांपैकी काय आपल्याला चालेल, काय चालणार नाही, हे शेवटच्या अपयशानंतर दमलेल्या मनानं ठरवण्यापेक्षा पहिला टप्पा करायच्या आधीच डॉक्टर, रुग्ण आणि घरातलं एक माणूस यांनी एकत्र बसून बोलावं, आणि रुग्णाचं म्हणणं केसपेपरवर लिहून घ्यायला लावावं.